फोकस्टनची भिंत: ‘आर्ट बफ’ प्रकरण

हेडफोन लावलेली एक वयस्क बाई. तिच्यासमोर एक चौथरा आहे आणि चौथऱ्यावर काहीच नाही. संग्रहालयात कानात माहिती ऐकत आपण एखाद्या शिल्पासमोर उभे राहतो, तशी ती त्या रिकाम्या जागेकडे एकटक बघत उभी आहे. काळा, पांढरा आणि मधले करडे रंग, स्टेन्सिलच्या, म्हणजे कापलेल्या पुठ्ठ्यातून रंग फवारून उमटवलेल्या, धारदार कडा, एवढंच चित्र. बँक्सी या ओळख लपवून काम करणाऱ्या ब्रिटिश स्ट्रीट आर्टिस्टाचं, म्हणजे रस्त्यावरच्या भिंती रंगवणाऱ्या कलाकाराचं, हे चित्र मी भिंतीवर असताना पाहिलं, म्हणून या प्रकरणाबद्दल तटस्थपणे लिहिणं मला जमत नाही. ते माझं नव्हतं, पण गेलं तेव्हा घरातलं काही गेल्यासारखं वाटलं होतं.

ब्रिटिश स्ट्रीट आर्टिस्टांच्या मर्यादित आवृत्तीतल्या छापील प्रती मी बरीच वर्षं जमवतो आहे. नव्याने या छंदात आलेले लोक मला एकच प्रश्न विचारतात, “खरं कसं ओळखायचं?” प्रश्न बरोबर आहे, पण तो अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न मी फोकस्टनच्या या भिंतीकडून शिकलो.

काय घडलं

फोकस्टन हे इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावरचं, केंटमधलं बंदराचं गाव. फ्रान्सकडे जाणारा रेल्वे बोगदा ब्रिटनच्या बाजूने याच गावाजवळ सुरू होतो. बोटींची वर्दळ ओसरल्यावर गावाला मरगळ आली होती. तिच्यावर उतारा म्हणून कलेचा मार्ग धरला गेला आणि २००८ पासून दर तीन वर्षांनी इथे मोठं कलाप्रदर्शन भरू लागलं, फोकस्टन ट्रायेनियल. ते भरवणारी धर्मादाय संस्था तेव्हा ‘द क्रिएटिव्ह फाउंडेशन’ या नावाने चालत होती. २०१४ च्या ट्रायेनियलमध्ये मिखाएल साइलश्टोर्फर या जर्मन कलाकाराने बंदराच्या वाळूत सोन्याच्या ३० लहान पट्ट्या पुरल्या होत्या, एकूण १०,००० पौंडांच्या. ज्याला सापडेल त्याची. माणसं कुदळी-फावडी आणि मुलाबाळांना घेऊन ओहोटीच्या वाळूवर उतरली होती. पुढे जे झालं ते पाहता हा योगायोग मला आजही चटका लावतो. वाळूतलं सोनं सापडणाऱ्याचं होतं, पण गावातल्या भिंतीवर जे सापडलं ते कोणाचं, यावर प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयात गेलं.

प्रदर्शन चालू असतानाच, सप्टेंबरच्या अखेरीस, रोंदेव्हू स्ट्रीटवरच्या एका करमणूक केंद्राच्या बाजूच्या भिंतीवर ही बाई अवतरली. ही भिंत पेयर्स पार्क या नव्याने सजवलेल्या बागेकडे तोंड करून होती. बँक्सीने आपल्या संकेतस्थळावर चित्र टाकून ते आपलंच असल्याचं मान्य केलं आणि हेही ट्रायेनियलचाच भाग आहे, एका अर्थी, असा शेराही जोडला. चित्राला नाव पडलं ‘आर्ट बफ’. इंग्रजीत ‘बफ’ म्हणजे शौकीन, दर्दी. पण भिंती रंगवणाऱ्यांच्या बोलीत ‘बफ’ म्हणजे पालिकेच्या माणसाने रंग फासून किंवा घासून चित्र मिटवणं. कलेची दर्दी आणि कलेचा पुसणारा, दोन्ही एकाच शब्दात. त्यामुळे तो रिकामा चौथरा आणखी रिकामा वाटतो.

गावाला आनंद झाला, तसा उपद्रवही झाला. चित्रावर पारदर्शक आवरण आलं, तरी कोणीतरी त्या चौथऱ्यावर अश्लील आकृती फवारली. ती पुसण्यात आली. मी गेलो होतो त्या दिवशी भिंतीसमोर दहा-बारा माणसं होती आणि कोणी फारसं बोलत नव्हतं.

मग थोड्याच आठवड्यांत ती बाई तिथे नव्हती. करमणूक केंद्र चालवणाऱ्या भाडेकरू कंपनीने, ड्रीमलँड लेझरने, चित्रासकट भिंतीचा तुकडा कापून काढला होता आणि ती जागा पुन्हा बांधून घेतली होती. तुकडा जहाजाने अमेरिकेला गेला. डिसेंबर २०१४ मध्ये मायामीच्या कलाबाजारात तो विक्रीला उभा होता, अपेक्षित किंमत सुमारे ४,७०,००० पौंड. विकला गेला नाही. मिळणारा पैसा धर्मादाय कामाला देण्याचा मनोदय भाडेकरू कुटुंबाने बोलून दाखवला होता आणि त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचं मला कारण दिसत नाही. पण हेतू चांगला असला म्हणून वस्तू आपली होत नाही.

न्यायालयात

आता या प्रकरणातला माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग. संग्राहकांनी तो नीट समजून घ्यावा म्हणून जरा सावकाश सांगतो.

इमारत भाडेकरूची नव्हती. ती स्टोनफील्ड इस्टेट्स या कंपनीची होती आणि भाडेपट्ट्याने दिलेली होती. क्रिएटिव्ह फाउंडेशनला चित्र गावात परत हवं होतं, पण संस्थेचा त्या भिंतीशी कायद्याने काहीच संबंध नव्हता. म्हणून घरमालकाने त्या कापलेल्या तुकड्यावरचा आपला हक्क आणि दावा लावण्याचा अधिकार संस्थेच्या नावे करून दिला. संस्था घरमालकाच्या जागी उभी राहिली आणि तिने भाडेकरूवर दावा लावला. बँक्सी या खटल्यात पक्षकार नव्हताच. चित्र कोणी काढलं आणि त्याचा स्वामित्वहक्क कोणाचा, हा वादच नव्हता. वाद होता विटा आणि गिलाव्याचा.

भाडेकरूचा युक्तिवाद ऐकायला सरळ होता. भाडेपट्ट्यानुसार इमारत दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी आमची. भिंतीवर परवानगीशिवाय काढलेलं चित्र म्हणजे भिंतीची खराबी. ती दूर करणं आमचं कर्तव्य. ते आम्ही केलं. आता दुरुस्ती करताना जो राडारोडा निघतो त्याची विल्हेवाट भाडेकरूच लावतो, तो कोणी घरमालकाला नेऊन देत नाही. तेव्हा निघालेला तुकडा आमचा.

न्यायमूर्ती अरनॉल्ड यांनी ११ सप्टेंबर २०१५ ला निकाल दिला. पूर्ण सुनावणीची गरजच त्यांना वाटली नाही, कारण भाडेकरूच्या बचावात टिकण्याजोगं काही नाही, असं त्यांचं मत झालं. पहिली गोष्ट, भिंत खराब झाली असं मानलं तरी खराबी दूर करायला भिंत कापावी लागत नाही. चित्र धुता आलं असतं, त्यावर रंग देता आला असता. दुसरी गोष्ट अधिक खोल आहे. कापणं योग्य होतं असं घटकाभर धरलं तरी निघालेला तुकडा आपोआप भाडेकरूचा होत नाही. भाडेपट्ट्यावर दिलेल्या वास्तूचा प्रत्येक भाग मुळात घरमालकाचा. तो भाग सुटा झाला तर ती सुटी वस्तूही घरमालकाचीच. मोडकी कौलं, फुटक्या विटा भाडेकरू टाकून देतो, कारण त्यांना किंमत नसते आणि दोघांनाही ते मान्य आहे असं गृहीत धरलेलं असतं. लाखो पौंडांच्या तुकड्याबाबत तसं गृहीत धरता येणार नाही. त्या वेळी त्याचं मोल ३,००,००० पौंडांच्या घरात धरलं गेलं होतं.

तिसरा मुद्दा मला सगळ्यांत आवडतो. ही किंमत घरमालकामुळे आली नव्हती, भाडेकरूमुळेही नाही. रात्रीत कोणीतरी तिऱ्हाइताने येऊन भिंतीवर रंग फवारला, म्हणून ती आली. मग अशा आकाशातून पडलेल्या लाभावर हक्क कोणाचा? न्यायालयाने सांगितलं की किंमत कोणामुळे आली याने फरक पडत नाही. दोघांत ज्याचा हक्क वरचढ, लाभ त्याचा, आणि वास्तूच्या मालकाचा हक्क वरचढ.

तुकडा तेव्हा न्यूयॉर्कमधल्या कलावस्तूंच्या गोदामात होता. तो परत करण्याचा आदेश झाला आणि बाई अटलांटिक ओलांडून दुसऱ्यांदा प्रवास करून फोकस्टनला आली.

संग्राहकाच्या बाजूने

समजा २०१४ च्या डिसेंबरात मायामीला एखाद्याने तो तुकडा विकत घेतला असता. चित्र अस्सल होतं. खुद्द कलाकाराने ते जाहीर केलं होतं. भिंतीवर असतानाची छायाचित्रं जगभरच्या वर्तमानपत्रांत होती. खरेपणाचा इतका भक्कम पुरावा बहुतेक कलाकृतींना कधीच मिळत नाही. आणि तरीही घेणाऱ्याने पावणेपाच लाख पौंड मोजून वर्षभरात कोर्टाची पायरी चढली असती. विकणाऱ्याकडे जो हक्कच नाही तो तो देणार तरी कुठून?

म्हणून म्हणतो, “खरं आहे का?” हा अर्धा प्रश्न. “भिंतीवरून ते कोणी उतरवलं, आणि उतरवायचा अधिकार त्याला कोणी दिला?” हा उरलेला अर्धा.

बँक्सीच्या बाबतीत या अर्ध्या प्रश्नाला आणखी एक धार आहे. २००८ पासून त्याच्या कामांच्या खरेपणाचं प्रमाणपत्र ‘पेस्ट कंट्रोल’ हे त्याचंच कार्यालय देतं, दुसरं कोणी नाही. आणि ते कार्यालय रस्त्यावरच्या कामांना प्रमाणपत्र देत नाही. काम रस्त्यासाठी केलं, ते रस्त्यावरच राहावं, ही भूमिका. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लायन अँड टर्नबुल या लिलावगृहाने लंडनमध्ये बँक्सीची म्हणून पाच कामं मांडली. त्यांना पेस्ट कंट्रोलची मान्यता नव्हती, ‘व्हर्मिन’ नावाच्या दुसऱ्याच एका गटाने ती खरी ठरवली होती. पाचही कामं विक्रीविना परत गेली. त्या दिवसापासून मोठी लिलावगृहं या प्रमाणपत्राशिवाय बँक्सीच्या वाटेला सहसा जात नाहीत.

काही जणांना यात कलाकाराची अडवणूक दिसते. मला दिसत नाही. चित्र त्याने कोणासाठी काढलं हे ठरवायचा अधिकार त्याचा आहे, आणि तो अधिकार बजावण्याचा त्याच्याकडे हा एकच मार्ग उरतो, कारण विटा त्याच्या नसतात.

कागदाची गोष्ट

आता भिंतीशेजारी कागद ठेवून पाहू. माझा जीव त्यातच आहे, त्यामुळे इथे थोडा पाल्हाळ होईल.

स्टेन्सिल आणि स्क्रीनप्रिंट ही सख्खी भावंडं आहेत. स्टेन्सिलमध्ये पुठ्ठा कापतात आणि कापलेल्या जागेतून रंग फवारतात. स्क्रीनप्रिंटमध्ये चौकटीवर ताणलेल्या जाळीचा काही भाग बंद करतात आणि उघड्या भागातून रबरी पट्टीने शाई खाली दाबतात. दोन्हीकडे प्रत्येक रंगाला वेगळा पुठ्ठा किंवा वेगळी जाळी. दोन्हीकडे सपाट रंग आणि कडक कडा. त्यामुळे तैलचित्राची छापील प्रत ही नेहमी एक तडजोड असते, तशी स्टेन्सिलची स्क्रीनप्रिंट नसते. चित्र कागदावर उतरताना मूळच्या स्वभावाला धरून उतरतं. ‘गर्ल विथ बलून’ घ्या. २००२ मध्ये लंडनच्या साउथ बँकवर ही मुलगी भिंतीवर आली. २००४ च्या सुमारास ‘पिक्चर्स ऑन वॉल्स’ या प्रकाशकांनी ती कागदावर आणली, सही केलेल्या १५० प्रती आणि बिनसहीच्या ६००. काळ्यासाठी एक जाळी, हृदयाच्या आकाराच्या लाल फुग्यासाठी दुसरी.

या प्रती विकायलाच काढलेल्या होत्या. किती काढायच्या हे आधी ठरलं, प्रत्येकीवर पेन्सिलीने क्रमांक पडला आणि पहिल्या खरेदीदारांना त्या गॅलरीच्या भावात नाही, तर सामान्य पगारदाराला परवडेल अशा किमतीत मिळाल्या. लंडनच्या शोरडिच भागातून चालणारं पिक्चर्स ऑन वॉल्स २०१७ संपताना बंद झालं. बंद करताना त्यांनी जे कारण दिलं ते वाचून मला वाईट वाटलं, पण पटलंही. आमचे कलाकार यशस्वी झाले, आणि लोकांसाठी म्हणून छापलेल्या प्रती फिरवाफिरवीचा माल झाल्या, असा त्याचा आशय होता.

कागदालाही धोके आहेतच. बनावट प्रती पुष्कळ आहेत. २०१० मध्ये ऑनलाइन लिलावात बँक्सीच्या बनावट प्रती विकल्याबद्दल दोघांना लंडनच्या किंग्स्टन क्राउन कोर्टात शिक्षा झाली. म्हणूनच पेस्ट कंट्रोलचं प्रमाणपत्र इतकं महत्त्वाचं, आणि ते बनवलंयही फार कल्पकतेने. २००४ मध्ये बँक्सीने राणीच्या जागी डायनाचा चेहरा असलेल्या १० पौंडांच्या खोट्या नोटा छापल्या होत्या. २०१९ मध्ये त्यांतली एक ब्रिटिश म्युझियमने संग्रहात घेतली. प्रमाणपत्राला अशी एक फाडलेली अर्धी नोट जोडलेली असते. उरलेली अर्धी कार्यालयाकडे. हाताने लिहिलेला क्रमांक दोन्ही तुकड्यांवर पसरलेला. जुळवून पाहायचं असेल तर दोन्ही अर्ध्या शेजारी ठेवायच्या. फाटलेली कड आणि क्रमांक दोन्ही जुळले की झालं. हुबेहूब छपाई करणारे पुष्कळ भेटतील, पण कागद फाटताना जी वाकडी रेघ पडते ती दुसऱ्यांदा पाडता येत नाही.

भिंतीच्या तुकड्याला अशी अर्धी नोट कधीच मिळणार नाही.

मालकाने स्वतः काढलं तर?

फोकस्टनच्या निकालावर हा प्रश्न हमखास येतो. कापणारा भाडेकरू होता म्हणून हरला, घरमालकाने स्वतःच कापलं असतं तर?

उत्तरासाठी लंडनच्या वुड ग्रीन भागात जावं लागेल. मे २०१२ मध्ये, राणीच्या कारकिर्दीचा हीरक महोत्सव तोंडावर असताना, पाउंडलँड या स्वस्त वस्तूंच्या दुकानाच्या बाजूच्या भिंतीवर बँक्सीने एक मुलगा काढला. उकिडवा बसून शिलाई यंत्रावर तो ब्रिटिश झेंड्यांची तोरणं शिवतो आहे. नाव पडलं ‘स्लेव्ह लेबर’. दुकानाची निवड सहज झाली असेल असं वाटत नाही. भारतातल्या एका कारखान्यात सात वर्षांचा मुलगा आठवड्याला शंभर तास राबून याच दुकानसाखळीसाठी वस्तू बनवत असल्याची बातमी २०१० मध्ये आली होती. आपल्याकडच्या माणसाने त्या चित्रासमोर उभं राहिल्यावर ते आणखीच टोचायला हवं, आणि मला ते टोचलं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये तो मुलगा भिंतीवरून गायब झाला आणि मायामीच्या एका लिलावाच्या यादीत उगवला, अंदाजे किंमत ५ ते ७ लाख डॉलर. पोलिसांकडे चोरीची तक्रार नव्हती, म्हणजे मालकाच्या संमतीनेच तो निघाला असावा. रहिवासी आणि स्थानिक नेत्यांनी इतका आवाज उठवला की ऐन वेळी तो लिलावातून मागे घेतला गेला. पण जूनमध्ये लंडनमध्ये साडेसात लाख पौंडांहून अधिक किमतीला विकला गेलाच. २०१८ मध्ये अमेरिकी कलाकार रॉन इंग्लिशने तो ७,३०,००० डॉलरना घेतला आणि आपण त्यावर पांढरा रंग फासणार असल्याचं जाहीर केलं. रस्त्यावरची कला विकण्याचा निषेध म्हणून.

इथे हक्काचा प्रश्न कोणी कोर्टात नेला नाही. तरी मी ते चित्र घेतलं नसतं, आणि परवडत नव्हतं हे त्याचं कारण नाही. ते त्या दुकानाच्या भिंतीवर होतं तोवर त्या दुकानाला उद्देशून बोलत होतं. लिलावगृहाच्या गालिच्यावर ते कोणाला उद्देशून बोलणार?

माझ्यासमोर आलेलं दार

फोकस्टनच्या निकालानंतर काही महिन्यांनी ओळखीतल्या एका विक्रेत्याने मला एक लोखंडी दार दाखवलं. विजेच्या जोडणीच्या पेटीचं असतं तसं, गंजलेलं, करड्या रंगाचं. त्यावर स्टेन्सिलचा उंदीर. कोणाचा ते मी लिहीत नाही, कारण ते शेवटपर्यंत ठरलं नाही. किंमत अशी होती की माझ्या सगळ्या प्रती विकून मला ते घेता आलं असतं. त्या रात्री झोप लागली नाही, इतकं ते सुंदर होतं. रंगाचे ओघळ बिजागरीपर्यंत आले होते.

सकाळी फोन करून मी दोन गोष्टी मागितल्या. दार जागेवर असतानाचं छायाचित्र आणि ते ज्याच्या मालकीचं होतं त्याचं काढून नेण्याला संमती देणारं लेखी पत्र. छायाचित्र तासाभरात आलं. रस्ता ओळखू येत होता, कोपऱ्यावरचं दुकानही. पत्राचं विचारल्यावर विक्रेता म्हणाला, “पेटी कंपनीने बदलली तेव्हा जुनी भंगारातच गेली, त्याचं कसलं पत्र?”

अगदी तोच युक्तिवाद होता, राडारोड्याचा. मी आभार मानले आणि नाही म्हणालो. पुढे बेन आईन या ब्रिटिश स्ट्रीट आर्टिस्टाच्या अक्षरांची एक प्रत घेतली, सही आणि क्रमांक असलेली. पहिल्या खरेदीची पावती अजून तिच्या चौकटीमागच्या पाकिटात आहे.

फोकस्टनच्या बाईला परत येऊनही लगेच घर मिळालं नाही. एवढा जड तुकडा सुरक्षित ठेवायचा कुठे आणि दाखवायचा कसा, यात वर्षं गेली. २०२० मध्ये ती पुन्हा लोकांसमोर आली, ओल्ड हाय स्ट्रीटवर, काचेआड. तिथून पेयर्स पार्क अगदी जवळ आहे. मी गेलो तेव्हा आधी पार्कात जाऊन ती मूळची भिंत शोधली आणि मग उतारावरून चालत तिच्यापर्यंत आलो. काचेत माझं प्रतिबिंब नेमकं त्या रिकाम्या चौथऱ्यावर पडत होतं, म्हणून बाजूला सरकून उभा राहिलो.